बदकबाईचे अंगठे

पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसाला पोहायला शिकवणं हे काय प्रकरण असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पोरांचं सोपं असतं. गटांगळ्या खातात, नाकातून पाणी काढतात, भोकाड पसरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उड्या मारायला हजर. पण चांगली नातवंडं झालेली बाई पायरीवर उभी राहते, एक पाय पाण्यात घालते, लगेच बाहेर काढते आणि म्हणते, "बाई, आज जरा सर्दीसारखं वाटतंय." अशा बाईला कमरेएवढ्या पाण्यात आणायचं म्हणजे आधी समजूत काढायची, मग चेष्टा करायची, मग दम द्यायचा आणि शेवटी हात जोडायचे.

बदकबाईनं अशा किती जणी तरंगवल्या त्याची गणतीच नाही. हे नाव तिला तिच्याच बायकांनी ठेवलेलं. ओल्या फरशीवर पाय फाकवून डुलत डुलत चालायची सवय, वर गळ्यात शिट्टी. पहिल्यांदा नाव कानावर आलं तेव्हा ती म्हणाली होती, "असू दे. बदक बुडत तरी नाही." झालं, नाव कायमचं चिकटलं. तलाव छपराखालचा, आवाज घुमणारा. क्लोरीनचा वास अंगाबरोबर घरापर्यंत जायचा. दारातच नवरा म्हणायचा, "आली माझी औषधाची बाटली." स्वतः गॅरेजमध्ये कामाला, त्याच्या अंगाला ग्रीसचा वास यायचा तो त्याच्या नाकाला कधी लागला नाही.

तिची शिकवायची रीत जगावेगळी होती. फळी नाही, ट्यूब नाही. छातीएवढ्या पाण्यात ती शिकणारीच्या समोर उभी राहायची, दोन्ही मुठी पुढे करायची, अंगठे वर. "धरा माझे अंगठे." बस. शिकणारीनं एकेका मुठीत एकेक अंगठा घट्ट धरायचा आणि पाय मागे सोडायचे. बदकबाई उलट्या पावलांनी मागं सरत राहायची, बोलत राहायची. हात धरायला दिला की घाबरलेली बाई मनगट पकडते, मग दंड, मग थेट मानेवर चढते आणि दोघी बुडतात. अंगठ्यावरून वर चढता येत नाही. पण समोर कोणीतरी आहे एवढं मात्र मुठीला कळत राहतं. मग एक दिवस बदकबाई बोलता बोलता अंगठे हळूच काढून घ्यायची आणि ती बाई रिकाम्या मुठी आवळून तशीच तरंगत पुढे जायची. कळल्यावर जी किंचाळी ऐकू यायची, ती ऐकायला तर बदकबाई रोज कामावर यायची.

सुरुवात झाली ती उजव्या अंगठ्याच्या नखापासून. आधी त्यावर बारीक बारीक खड्डे दिसायला लागले, सुईच्या टोकानं कोणी टोचून ठेवावेत तसे. मग नखाखाली एक पिवळट तपकिरी डाग आला, कागदावर तेल सांडल्यासारखा. तो हळूहळू पसरला. मग नख टोकाकडून सुटायला लागलं. टॉवेलचा धागा त्यात अडकायचा आणि जीव जायचा. पायांच्या अंगठ्यांची तर कथाच वेगळी. तिथली नखं जाड झाली, पिवळी पडली, खालून खडूसारखा भुसा निघायला लागला. बंद बूट घालून बसनं घरी जायचं म्हणजे शिक्षा.

आता तलावावर नखाला काहीही झालं तरी निदान एकच. बुरशी. दारावरच्या रखवालदारापासून मॅनेजरपर्यंत तिथं सगळेच डॉक्टर. ओल्यात वावरणारी माणसं ती, बोटांच्या बेचक्यात कधी ना कधी प्रत्येकाला खाज सुटलेली. बदकबाईही त्यातलीच. तिनंच हसत हसत सगळ्यांना सांगून टाकलं, "झाली बरं का मलाही बुरशी! पाण्यात राहून दुसरं काय होणार?" मेडिकलमधून मलम आणलं, चोळलं. व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवून बसली. नखाखालचा भुसा पिनेनं कोरून काढला, तर नख आणखीच सुटलं. वर्ष गेलं, मलमाच्या नळ्या संपल्या, नखं होती तशीच.

तिला डॉक्टरकडे ओढून नेलं ते चिमणीनं.

चिमणी म्हणजे बदकबाईची जिवाभावाची मैत्रीण. अंगानं एवढीशी, तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून चिमणी. कधीकाळी तीही शिकायला आलेली आणि सगळ्यांत भित्री निघालेली. कपडे बदलायची, तलावापर्यंत यायची, पाणी बघायची आणि परत कपडे घालून घरी जायची. इतर जणी पोहून पार झाल्या तरी हिच्या मुठीतून अंगठे सुटेनात. बदकबाईनं तिला सोडलं नाही. शेवटी ती पोहायला शिकली, आणि शिकली ती तिथंच राहिली. आधी नुसती मदतीला, मग मॅनेजरनं तिला मदतनीस म्हणून कामावरच घेतलं. दुपारी पंपाच्या खोलीमागच्या बाकड्यावर दोघी डबे उघडायच्या. कोणाच्या डब्यात काय आहे हे दुसरीला उघडायच्या आधी माहीत असायचं.

"पिना खुपसून घेतेस, अक्कल आहे का तुला? चल माझ्याबरोबर," चिमणी म्हणाली आणि स्किनच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरीण पोक्त होती. तिनं नखं बघितली आणि मग कोपरं बघितली. केस बाजूला सारून कानामागची कातडी बघितली. "कोंडा किती दिवसांपासून आहे?"

"तो काय, कायमचाच," बदकबाई म्हणाली. तिला कळेना, नखं दाखवायला आले आणि ही डोकं काय बघतेय.

नखांचे तुकडे तपासायला पाठवले. पुढच्या खेपेला डॉक्टरीण म्हणाली, "बुरशी अजिबात नाही. हा सोरायसिस आहे. कातडीचा असतो ना, तोच. काही जणांच्या नखांतही उतरतो. आपलंच शरीर चुकतं, नख तयार होतं त्या जागेलाच सूज आणतं. म्हणून हे खड्डे, हे डाग, हे सुटणं. अस्वच्छतेनं होत नाही आणि पाण्यातून आलेलाही नाही."

बदकबाईच्या आधी चिमणीच बोलली. "म्हणजे लागत नाही ना कोणाला?"

"तुम्ही रोज यांचे हात हातात घेऊन बसलात तरी नाही लागणार."

मग डॉक्टरिणीनं सूचना दिल्या. नखं आखूड ठेवायची. कोरायची नाहीत; जितकी इजा कराल तितका तो चवताळतो. खोटी नखं चिकटवायची नाहीत. नेलपॉलिश लावलं तर चालेल. बोटांचे सांधे सुजले, सकाळी आखडले तर लगेच यायचं. नखाला लावायला औषध दिलं आणि धीर धरायला सांगितलं, कारण हाताचं नख नवं यायला सहा महिने जातात आणि पायाचं वर्ष दीड वर्ष घेतं.

जिना उतरताना चिमणीनं तिचा हात हातात घेतला होता. चांगला घट्ट. "ऐकलंस ना? मेली बुरशी नाहीच. उगाच घाबरत होतीस," असं म्हणत ती खालपर्यंत आली. बदकबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे ते सगळं आठवायचं तेव्हा तिला हा जिनाच आधी आठवायचा.

खरं तर दुसऱ्याच दिवशी तिनं तलावावर सगळ्यांना सांगायला हवं होतं, की बाबांनो, मी बुरशी बुरशी म्हणत होते ती बुरशी नाही. ती सांगणारही होती. चिमणीनं अडवलं. "एकेकीला समजावत बसणार आहेस का? सोरायसिस म्हटलं की बायका आणखी चार पावलं मागं सरतील. त्यापेक्षा रंग लाव. मी लावून देते." आणि बदकबाईनं ऐकलं. इथंच चुकलं सगळं, पण मैत्रीण मायेनं सांगतेय म्हटल्यावर कोण नाही ऐकत?

तेव्हापासून दर रविवारी चिमणीच्या ओट्याशेजारच्या टेबलावर कार्यक्रम ठरलेला. चिमणी आधी कसलासा पांढरा लेप लावून खड्डे बुजवायची, तो वाळला की वर विटकरी रंगाचे दोन हात. हातापायांची बाकीची नखंही तशीच. एवढ्या प्रेमानं करायची, की बदकबाईला आपल्या आईनं वेणी घातल्याचं सुख व्हायचं. घरी आल्यावर नवरा बघायचा आणि म्हणायचा, "आमच्या नखांना कोण रंग लावणार?" त्याची नखं ग्रीसनं कायमची काळी. पण पुरुषाच्या काळ्या नखांना लोक कष्ट म्हणतात, त्यामुळे त्याला कधी कोणी काही विचारलं नव्हतं.

उन्हाळा लागला, तलावावर गर्दी वाढली आणि बायकांच्या बॅचमध्ये एकीच्या पायाच्या बेचक्यात खाज सुटली. मग दुसरीच्या. दर उन्हाळ्यात सुटते. एरवी मलम लावून बायका मोकळ्या होतात. पण त्या वर्षी बॅचमध्ये एक बँकेतली बाई होती, स्वच्छतेची भारी हौस असलेली. चप्पलसुद्धा पिशवीत घालून ठेवणारी. एका सकाळी ती बदकबाईचे अंगठे धरून पाय मारत होती. क्लोरीननं रंग उडाला होता, आणि नखाचा तो पिवळा, सुटलेला भाग तिच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होता. तिनं पाण्यातच अंगठे सोडून दिले. गटांगळी खाल्ली, खोकत खोकत काठ पकडला आणि पहिला शब्द काढला तो, "शी!"

पुढचं वाऱ्यासारखं पसरलं. त्याच दिवशी बॅच संपल्यावर मॅनेजरनं सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं. ओल्या केसांच्या, टॉवेल गुंडाळलेल्या बायका, समोर बूट काढून उभा असलेला मॅनेजर आणि बाजूला बदकबाई. चिमणी फळ्या रचायच्या निमित्तानं मागं उभी होती.

"हे बघा, मला कोणावर आरोप करायचा नाही," मॅनेजर म्हणाला. म्हणजे आरोपच करायचा होता. "पण बाई, बुरशी झालीय असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात ना?"

"सांगत होते, पण ती बुरशी निघाली नाही. मी तपासून घेतलंय. सोरायसिस आहे तो, कोणाला लागत नाही. डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडे, उद्या आणते."

"कागद आणा, मी मानतो. पण बायका काही कागद धरून पोहत नाहीत. त्यांची खात्री पटायला हवी."

"आधी बुरशी म्हणायचं, मग नाही म्हणायचं. आम्ही काय समजायचं?" बँकेतली बाई म्हणाली.

बदकबाईला तोपर्यंत भीती वाटलीच नव्हती. तिनं मान वळवून चिमणीकडे बघितलं. बायकांमधूनच वर आलेली, सगळ्यांची लाडकी चिमणी. डॉक्टरीण काय म्हणाली ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. आता ही पुढे येईल, टकळी सुरू करेल आणि सगळ्यांना हसवून गप्प करेल.

मॅनेजरनंही तिकडेच बघितलं. "तुम्ही तर कायम यांच्याबरोबर असता. काय आहे हे नेमकं? तुम्हाला माहीत असेल."

चिमणीनं हातातली फळी खाली ठेवली. पुन्हा उचलली. कोणाकडेच न बघता ती म्हणाली, "मला काय माहीत, साहेब? मी आपली फक्त रंग लावून देते."

एवढंच वाक्य. पण बायकांमध्ये कुजबुज उठली. रंग लावून देते! म्हणजे लपवत होत्या! बँकेतल्या बाईचा तिला राग आला नाही, ती बिचारी न कळून बोलली. पण हिला तर सगळं कळत होतं. हिनं केसानं गळा कापला. लपवलं म्हणजे बुरशीच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

तिला कामावरून काढलं नाही. मॅनेजर तसा भला माणूस. "थोडे दिवस लॉकरच्या किल्ल्या सांभाळा, वातावरण निवळू दे," म्हणाला. बॅच चिमणीकडे गेली.

संध्याकाळी चिमणी फाटकापाशी वाट बघत उभी होती. "अगं, मी तरी काय करणार होते? मी बोलले असते तर म्हणाल्या असत्या, हीच रोज तिचे हात धरते, हिलाही लागलं असेल. दोघींचंही गेलं असतं. आता निदान बॅच आपल्यातच राहिली ना?"

"आपल्यातच?" बदकबाई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि बसथांब्याकडे चालू लागली. पायांचे अंगठे बुटात ठणकत होते. घरी जाऊन तिनं कापसानं वीसच्या वीस नखांचा रंग पुसून काढला. नवऱ्यानं कापसाचे बोळे गोळा करून टाकले.

दुसऱ्या दिवशी आणलेला डॉक्टरचा कागद मॅनेजरनं वाचून ठेवून घेतला, पण बॅच परत दिली नाही. किल्ल्यांची खिडकी बुटकी. तिच्यातून माणसांचे चेहरे दिसत नाहीत. दिसतात ते किल्ली मागणारे हात आणि पलीकडे तलावाच्या उथळ बाजूची एक पट्टी. त्या पट्टीत रोज सकाळी चिमणी उभी राहायची, मुठी पुढे करायची आणि म्हणायची, "धरा माझे अंगठे." शब्द तेच आणि मागं चालायची ढबही तीच. विनोदसुद्धा तेच, "सर्दी झाली तर पाण्यालाच होईल." बायका हसायच्या. बदकबाई किल्ल्या पुसत बसायची. आपलं माणूस आपलंच सगळं घेऊन जातं आणि वर आपल्यासमोरच वापरतं, याला काय म्हणायचं?

बॅचमध्ये एक आजी होती. पांढऱ्या केसांवर घट्ट टोपी चढवून यायची. लहानपणी तिच्या थोरल्या भावानं गंमत म्हणून तिला न सांगता खोल पाण्यात ढकललं होतं. तेव्हापासून बादलीभर पाणीसुद्धा ती जपून वापरायची. नातवंडांबरोबर पाण्यात उतरायचं म्हणून या वयात शिकायला आलेली. पहिल्याच दिवशी तिनं बदकबाईला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरी, बाकीच्यांचे अंगठे तू न सांगता काढून घेतेस ते बघितलंय मी. मला तसं करू नकोस. सांगून सोड." बदकबाईनं शब्द दिला होता. बॅच गेली तेव्हा आजी अगदी सुटायच्या बेतात आली होती. आणखी थोडे दिवस, की बदकबाई म्हणणार होती, आजी, आता सोडते हं.

एका सकाळी पट्टीत गडबड दिसली. पाणी उसळलं, पांढरी टोपी खाली गेली, वर आली. चिमणीनं रीतीप्रमाणे अंगठे हळूच काढून घेतले होते. न सांगता. बदकबाई खुर्चीवरून उठली, पण तोवर दोघीतिघींनी आजीला काठावर बसवलं होतं.

थोड्या वेळानं खिडकीत ओला, सुरकुतलेला हात आला. हातात लॉकरची किल्ली. "घे गं बाई. उद्यापासून नाही यायची मी."

बदकबाईनं खाली वाकून खिडकीतून वर बघितलं. "आजी, मी आहे."

"तू?" आजी खिडकीशी वाकली. तिचे ओठ निळे पडले होते. "इथं बसतेस होय? बरोबर आहे, मी होतेच ढ. कंटाळणारच माणूस."

"कोण कंटाळलं?"

"तूच की. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना शिकवून जीव विटला, म्हणून बॅच सोडलीस ना? ती चिमणी म्हणाली. मी त्या दिवशी पायऱ्यांवर नव्हते, लेकीकडे गेले होते. आल्यावर विचारलं तर ती म्हणाली, बाईंनी स्वतःहूनच सोडली."

पायऱ्यांवर चिमणी 'मला काय माहीत' म्हणाली ते भीतीनं, असं म्हणता आलं असतं. पण हे? हे तर कोणी विचारलंही नव्हतं तेव्हा रचून सांगितलेलं. तिनं दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढले, अंगठे वर. रंग नसलेले, खड्ड्यांचे, पिवळे अंगठे. "यामुळे सोडायला लावली, आजी. सोरायसिस आहे. कोणाला लागत नाही. मी नाही कंटाळले."

आजीनं चष्मा नव्हता म्हणून डोळे बारीक केले. अंगठे मुठीत धरले, जुन्या सवयीनं, घट्ट. "मग हे सांगणारं कोणीच नव्हतं का गं तिथं?"

"होती एक," बदकबाई म्हणाली.

आजीनं अंगठे एकेक करून सोडले. किल्ली मात्र परत उचलली नाही. "तू पाण्यात असशील तेव्हा बोलाव," म्हणाली आणि भिंत धरत धरत गेली.

डब्याच्या वेळेला चिमणी आली. हल्ली ती खिडकीकडे फिरकत नसे. बसायला जागा नव्हती, म्हणून उभ्यानंच बोलायला लागली, नेहमीसारखी, जणू मध्ये काही झालंच नाही. "ती आजी गेली बघ रागावून. मॅनेजर मलाच बोलतायत. सगळ्या जणी तरंगल्या, हीच कशी बुडाली? तुझ्या हातात असताना तर छान पाय मारायची. सांग ना, हिचं काय करायचीस तू? काही वेगळं होतं का?"

तिनं दोन्ही हात खिडकीच्या कडेवर टेकले होते. नखांना ताजा विटकरी रंग. तीच बाटली.

उत्तर बदकबाईच्या ओठांवर होतं, एवढंसं, सांगून सोडायचं म्हणून. एरवी मागायच्या आधीच तिनं ते दिलं असतं. आपल्याजवळचं तसंच तर सगळं तिनं हिला दिलं होतं. तिनं त्या रंगीत नखांकडे बघितलं, मग आपल्या नखांकडे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी नवं नख यायला लागलं होतं, गव्हाच्या दाण्याएवढं, गुळगुळीत.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी आपली फक्त किल्ल्या देते."

चिमणीनं कडेवरून हात काढून घेतले. मागं रांगेतली बाई पुढे आली. बदकबाईनं तिला किल्ली दिली आणि आजीची किल्ली खिळ्यावर न टांगता आपल्या खिशात टाकली.